अण्णांच्या खिशांतील डबी

आमच्या घरांत रोज रात्रीं नऊ वाजतां एक विधि होतो. देवापुढील निरांजन शांत झालें, पानें उचललीं गेलीं, कीं आमची धाकटी सून अण्णांच्या बंडीच्या आंतल्या खिशांतून आगपेटीएवढी एक काळी डबी काढते, ती विजेच्या तारेला लावते आणि भिंतीवरील दिनदर्शिकेंत त्या दिवसाच्या चौकोनांत पेन्सिलीनें खूण करते. सकाळीं सहा वाजतां ती डबी पुन्हां खिशांत जाते. ठेवतांना अण्णांना सांगितलें जातें, "अण्णा, ही तुमची डबी. तुम्ही कोठें आहांत तें आम्हांला कळावें म्हणून." अण्णा विचारतात, "कशाला?" उत्तर ऐकून घेतात आणि म्हणतात, "ठीक आहे. राहूं द्या." हा संवाद जवळजवळ दीड वर्ष रोज नव्यानें चालला आहे. आल्यागेल्या पाहुण्यांना तो निरर्थक वाटतो. तो निरर्थक कां नाहीं, हें सांगावें म्हणून आज लेखणी हातीं घेतली आहे.

अण्णा हे आमचे वडील बंधु. वय ७९. आमचे वडील निवर्तले तेव्हां अण्णा एकोणीस वर्षांचे होते व आम्ही नऊ. अण्णांनीं कॉलेज सोडलें, पाटबंधारे खात्यांत कारकुनी पत्करली आणि वाईचें आमचें घर सांवरलें. आम्ही जुनी अकरावी झालों, पुढें संस्कृताचें अध्ययन केलें आणि पुण्याच्या एका शाळेंत छत्तीस वर्षें तोच विषय शिकविला, तो केवळ अण्णांच्या पाठबळावर. रोकडवहीचें पान ते वरपासून खालपर्यंत एकदां पाहात आणि बेरीज सांगत. तेच अण्णा सहा वर्षांपूर्वीं विजेचें एकच बिल दोनदां भरून आले. घरांतील सर्वांनीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें एकदां मंडईंतून परततांना त्यांना स्वतःच्या घराची गल्ली आठवेना. मग मात्र डॉक्टरांकडे नेलें. तपासण्या झाल्या आणि रोगाचें नांव कळलें : अल्झायमर.

अलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरानें १९०६ सालीं या रोगाचें वर्णन प्रथम केलें. मेंदूंतील पेशी हळूहळू निकामी होत जातात. कालचें आधीं पुसलें जातें; पन्नास वर्षांपूर्वींचें मात्र पुष्कळ दिवस टिकून राहतें. स्मृतिभ्रंशाचा हा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठीपुढील शंभर माणसांपैकीं सुमारें सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यांची एकूण संख्या ८८ लाखांच्या घरांत जाते. म्हणजे ज्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत त्या प्रत्येक घराच्या जवळपास कोठेंतरी हें दुःख आहेच. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत येतो. आम्हीं तो वर्गांत अनेकदां समजावून दिला आहे. तेथें तो क्रोधाच्या परिणामांच्या मालिकेंतील एक दुवा आहे. अण्णांना तर उभ्या जन्मांत कोणावर रागावलेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं. शब्दाचा अर्थ शिकविणें निराळें आणि तो अर्थ समोरच्या पाटावर जेवावयास बसलेला पाहणें निराळें, हें आम्हांस या वयांत कळलें.

या रोगांतील अनेक माणसें घरांतून निघून जातात. आपण त्यास भटकणें म्हणतों. पण बहुतेकदां त्या भटकण्यास कांहीं हेतु असतो, असें डॉक्टर सांगतात. कोणाला कचेरी गांठावयाची असते, कोणाला बालपणचें घर, कोणाला शाळेंतून मुलगा आणावयाचा असतो. दिवस कलला कीं मनाची तगमग वाढते. अण्णाही दिवेलागणीला उठून जोडे शोधूं लागत व म्हणत, "चला, घरीं जाऊं." वहिनी सांगत, "अहो, हें घरच आहे." त्यावर ते अत्यंत सौजन्यानें उत्तर देत, "होय, आपलें घर फार चांगलें आहे. पण आतां आम्हांला निघालें पाहिजे."

दोन वर्षांपूर्वीं आषाढांत, पाऊस कोसळत असतां, ते असेच निघाले. वहिनी स्वयंपाकघरांत होत्या, आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों, मुलें आपापल्या कामांत होतीं. नऊ माणसांच्या घरांतून एक माणूस उघड्या दारानें गेला आणि कोणासही कळलें नाहीं. ती रात्र आम्ही विसरणार नाहीं. पोलिसठाणें, रुग्णालयें, नदीकांठ! पुतण्या आणि मुलगा दुचाकी घेऊन सारी रात्र फिरत होते. वहिनी देवापुढें बसून होत्या. बोलल्या एक शब्द नाहींत. पहाटे साडेपांचला एका दूधवाल्याला अण्णा बंद दुकानाच्या पायरीवर कुडकुडत बसलेले दिसले. पायांत एकच जोडा होता. दूधवाल्यानें विचारलें तेव्हां त्यांनीं पत्ता सांगितला तो वाईच्या घराचा. पण सुदैवानें बंडीच्या खिशांत औषधांची चिठ्ठी होती.

त्यानंतर आठवड्याच्या आंत पुतण्यानें ही डबी आणली. तिची रचना आम्हीं त्याच्याकडून समजून घेतली, ती थोडक्यांत सांगतों. अमेरिकेचे जीपीएस नांवाचे उपग्रह सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरत अखंड आपली वेळ सांगत असतात. डबी तें ऐकते. निदान चार उपग्रहांचा संदेश येऊन पोंचण्यास किती वेळ लागला, यावरून ती आपलें स्थान गणितानें काढते आणि आंतल्या सिमकार्डाच्या साह्यानें, मोबाईलच्या मनोऱ्यांमार्फत, घरच्या फोनवर कळविते. उपग्रहाला अण्णांची कांहीं एक खबर नसते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचें सरकार नागरिकांसाठींचा हा संदेश मुद्दाम ढोबळ ठेवीत असे; तें बंधन उठलें, म्हणून आज अशी लहानशी डबी मोकळ्या रस्त्यावर माणसाचा ठाव कांहीं मीटरांच्या अंतरानें सांगूं शकते. जाड भिंतींच्या आड, भुयारांत, उंच इमारतींच्या दाटींत मात्र ती चांचपडते. नाण्याएवढ्या चकत्यांची आणखी एक जात आहे. त्या उपग्रहांचें कांहीं ऐकत नाहींत. जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनांमार्फत त्यांचा पत्ता लागतो, म्हणून निर्जन वाटेवर त्या मुक्या होतात. अ‍ॅपल कंपनीनें २०२१ सालीं अशी चकती काढली, तेव्हां ती वस्तूंसाठीं आहे, माणसांसाठीं नव्हे, असें तिनेंच सांगितलें होतें.

पुतण्यानें फोनवर नकाशा काढून घराभोंवतीं एक वर्तुळ आंखलें. अण्णा तें ओलांडतील तर फोन वाजावयाचा. धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, ही लक्ष्मणरेषा!" आम्हांतील मास्तर जागा झाला. लक्ष्मणरेषेची कथा वाल्मीकींच्या रामायणांत नाहीं, ती पुढील परंपरेंत आली, हें आम्हीं त्यास सांगितलें. पण मनांत आलें तें निराळेंच. ती रेषा सीतेला ठाऊक तरी होती. अण्णांना त्यांच्याभोंवतीं आंखलेलें वर्तुळ ठाऊक नव्हतें. डबी त्यांच्या नकळत बंडीच्या अस्तरांत शिवून टाकावी, असें घरांत ठरलें होतें.

आम्हांस तें रुचलें नाहीं. चुकार गुराच्या गळ्यांत लोढणें बांधतात तशांतलाच हा प्रकार वाटला. आम्हीं तसें बोलून दाखविलें तेव्हां वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, त्या रात्रीं तुम्हीही जागला होतांत. पुन्हां तशी रात्र मला नको." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. डबी शिवली गेली.

पुढें जें झालें त्याची आम्हांस अधिक लाज वाटते. नकाशावरील तो निळा ठिपका आरंभीं घरांतील सर्वांच्या फोनवर दिसत असे. मग "अण्णा आतां न्हाव्याकडे," "अण्णा देवळामागें कां थांबले?" "अण्णांनीं आज दोन फेऱ्या मारल्या," अशी चर्चा जेवतांना होऊं लागली. एके दिवशीं परगांवच्या भाचीनें फोनवरून विचारलें, "अण्णामामा उद्यानांत कोणाशीं बोलत होते?" ज्या पुरुषानें जन्मभर कोणाच्या पत्राचें पाकीट फोडलें नाहीं, त्याची पावलें आम्ही सारीं वर्तमानपत्रासारखीं वाचीत होतों. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. स्मृति गेली म्हणून माणसाचें नागरिकत्व जात नाहीं. मग घरांतील वडीलपण तरी कसें जावें?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अण्णांचें चित्त स्वच्छ होतें. अशा घटका त्या काळीं बऱ्याच येत. आम्हीं अस्तर उसवून डबी त्यांच्या हातांत दिली आणि सर्व कांहीं सांगितलें. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "म्हणजे मी हरवलों तर सांपडावा म्हणून?"

आम्हीं म्हटलें, "होय."

"मग चांगलीच आहे. लपविलीत कां?"

आम्हांस बोलवेना. थोड्या वेळानें ते म्हणाले, "राहूं द्या खिशांत. पण मला सांगत जा. मी विसरेन, पुन्हां सांगा." रोज सकाळचा तो संवाद तेव्हांपासूनचा. ठिपका त्या दिवसापासून केवळ पुतण्याच्या व सुनेच्या फोनवर राहिला, आणि वर्तुळ ओलांडल्याशिवाय तो उघडावयाचा नाहीं असा नियम झाला.

इतकें झाल्यावर घरांत सर्वांस हायसें वाटलें, आणि तेंच नडलें. पूर्वीं अण्णा उठले कीं कोणीतरी त्यांच्याबरोबर उठत असे. आतां "डबी आहे ना!" असें म्हणण्याची संवय लागली. गेल्या माघांतील गोष्ट. दुपारीं साडेतीनच्या सुमारास पुतण्याच्या फोननें इशारा दिला, तेव्हां तो कचेरींत बैठकीला बसला होता. त्यानें फोन पाहिला तोंवर ठिपका स्वारगेटच्या एस्. टी. स्थानकावर पोंचला होता. आणि तेथें तो विझला. डबीची बॅटरी संपली होती. आदल्या रात्रीं ती विजेला लावण्याची पाळी आमची होती. आम्हीं तार जोडली होती. भिंतीवरचा खटका दाबावयाचा राहिला होता.

अपराध आमचा होता, आणि यंत्राकडून कळावयाचें तें सारें संपलें होतें. स्वारगेटहून गाड्या कोठें जात नाहींत? पुतण्या स्थानकावर धांवला. आम्ही घरीं डोकें धरून बसलों असतां वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, आज तिथि कोणती?" तिथि आठवली आणि डोक्यांत लख्ख उजेड पडला. माघ महिना, वाईस कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस! चार दिवसांपूर्वींच अण्णा धोतर शोधीत होते व "घाटावर पंगत असेल," असें पुटपुटत होते. आम्हीं तें ऐकलें होतें आणि सोडून दिलें होतें. ताबडतोब वाईच्या मावसभावाला फोन केला. सात वाजण्याच्या सुमारास त्याचा फोन आला : अण्णा घाटाच्या पायरीवर बसले आहेत, प्रसाद घेतला आहे, ओळखीच्या दोन माणसांशीं बोलत आहेत.

पुढें उलगडा झाला तो असा. पहिल्या वेळच्या अनुभवावरून आम्हींच त्यांच्या खिशांत आधारकार्ड ठेवलें होतें. पंचाहत्तरीपुढील माणसांना २०२२ सालापासून राज्याच्या एस्. टी.तून विनामूल्य प्रवास आहे. अण्णांनीं कार्ड दाखविलें, वाहकानें रीतसर तिकीट दिलें, आणि खंबाटकीचा घाट ओलांडून, सुरूर फाट्यावरून वळून, गाडीनें त्यांना लहानपणच्या गांवीं उतरविलें. त्या वाहकाला दोष कसा द्यावा? पांढऱ्या बंडीतील एक सभ्य वृद्ध गृहस्थ खिडकीपाशीं बसून आपल्या गांवीं चालला होता.

आम्ही रात्रीं वाईस पोंचलों तेव्हां रडूं आवरेना. अण्णा आश्चर्यानें म्हणाले, "अरे, मी हरवलों कोठें होतों? मी कोठें आहें तें मला ठाऊक होतें. तुम्हांलाच ठाऊक नव्हतें."

या वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. शाकुंतलांतील मुद्रिका कोळ्याच्या हातून राजापुढें आली आणि दुष्यंताची स्मृति परत आली. ती मुद्रिका खरें 'अभिज्ञान' होती. आमची डबी तशी नव्हे. ती विसरलेल्या माणसाला कांहीं आठवून देत नाहीं. आठवणाऱ्यांना केवळ विसरलेल्याचा ठाव देते. माणूस कोठें आहे तें ती सांगते. तो कोठें निघाला आहे आणि कां, हें त्याच्या माणसांनींच जाणावयाचें असतें. तें जाणण्यासाठीं त्याचें पुटपुटणें ऐकावें लागतें, आणि तें काम कोणत्याही उपग्रहाकडे सोंपवितां येत नाहीं.

इंग्लंडमधील पोलिसांनीं यासाठीं एक साधा कागद काढला आहे. त्यास 'हर्बर्ट प्रोटोकॉल' म्हणतात. जॉर्ज हर्बर्ट नांवाच्या, नॉर्मंडीच्या लढाईंत लढलेल्या व पुढें स्मृतिभ्रंश झालेल्या एका सैनिकाच्या नांवावरून तें नांव पडलें. माणूस हरवण्यापूर्वींच घरच्यांनीं त्या कागदांत त्याचें छायाचित्र, औषधें, जुनीं घरें, नोकरीच्या जागा, आवडतीं ठिकाणें, पूर्वीं सांपडला होता त्या जागा, हें सर्व भरून ठेवावयाचें. आम्हींही अण्णांची अशी वही केली आहे. तींत वाईचें घर आहे, शाळा आहे, साताऱ्याची पहिली कचेरी आहे, आणि ज्या मित्राला जाऊन वीस वर्षें झालीं पण ज्याच्याकडे अण्णा अजून बुद्धिबळ खेळावयास निघतात त्याचाही पत्ता आहे. ती वही लिहितांना आम्हांस आपल्याच भावाची नव्यानें ओळख झाली. डबी विकत घेण्यापूर्वीं अशी वही करा, असें आमचें वाचकांस सांगणें आहे. तिला बॅटरी लागत नाहीं.

कोणी म्हणेल, मग दाराला कुलूपच कां लावूं नये? जपानांत या प्रश्नावर मोठा खटला झाला. २००७ सालीं ओबू गांवच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या ९१ वर्षांच्या गृहस्थाची ८५ वर्षांची पत्नी क्षणभर डुलकी लागून झोंपली. तेवढ्यांत तो बाहेर पडला व आगगाडीखालीं सांपडून मेला. गाड्यांचा खोळंबा झाला म्हणून रेल्वे कंपनीनें त्या कुटुंबाकडेच भरपाई मागितली. खालच्या न्यायालयांनीं ती मान्य केली. पण २०१६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कुटुंबास दोषमुक्त केलें. आमच्या मतें हा निर्णय शहाणपणाचा आहे. घरच्यांवर सारा दोष ठेवला कीं ते भयानें कुलुपें घालतील. त्या देशांत २०२३ सालीं स्मृतिभ्रंश झालेलीं १९,००० हून अधिक माणसें हरवल्याची नोंद पोलिसांत झाली. इरुमा शहरानें तर २०१६ सालीं अशा वृद्धांच्या नखांवर चिकटविण्यासाठीं लहानशा खुणेच्या चकत्या काढल्या. त्यावरून सांपडलेल्या माणसाची ओळख पटावी. म्हणजे सारा गांव थोडा थोडा पहारा करतो आणि दार मोकळें राहतें.

आमच्या घरीं आतां कांहीं नियम आहेत. डबी रोज लावावयाची ती एकाच हातानें, आणि दिनदर्शिकेवर खूण करावयाची. पाळ्या बंद, कारण सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको. दिवेलागणीला अण्णांनीं जोडे शोधले कीं "हेंच घर आहे" असा वाद घालावयाचा नाहीं. कोणीतरी आपले जोडे घालून त्यांच्याबरोबर चालावयाचें. दोन गल्ल्या फिरून आलें कीं बहुतेकदां "आलें बरें घर" असें तेच म्हणतात. आणि महिन्यांतून एकदां त्यांना वाईस नेऊन घाटावर बसवावयाचें. त्यानें रोग हटला असें नाहीं. तगमग होतेच, आणि आतां अधूनमधून ते आम्हांस वडिलांच्या नांवानें हाक मारतात. आम्ही ओ देतों.

एक गोष्ट मात्र आम्हीं स्वतःपुरती केली आहे. आमचें वय ६९. हा रोग कोणत्या घरांत किती वेळां येईल हें कोण सांगणार? म्हणून बुद्धि शाबूत आहे तोंवर आम्हीं एका कागदावर लिहून, सही करून, तो मुलाच्या हवालीं केला आहे. मजकूर साधा आहे. आम्हीही पुढें वाट चुकूं लागलों तर आमच्या खिशांत अशी डबी खुशाल ठेवावी. आमची संमति आहे. दोघांहून अधिक जणांनीं ती पाहूं नये. दाराला कुलूप घालूं नये. ती डबी आमच्याबरोबर चालणाऱ्या माणसाच्या ऐवजीं समजूं नये. आणि आम्ही कितीही विसरलों तरी रोज सकाळीं ती काय आहे तें आम्हांस सांगावें.

मुलानें कागद वाचला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून विचारलें, "बाबा, तुम्हांला कळणारच नाहीं तेव्हां सांगून काय उपयोग?"

आम्हीं म्हटलें, "आमच्या उपयोगासाठीं नव्हे. सांगणारा विसरूं नये म्हणून."